पोटचा की पाटचा

११ मे १९८६. पोलादपूरच्या खालच्या अंगाला सावित्रीचा काठ. सकाळची वेळ. पळसकर सरांचा दहावा.

हजर : पळसकोंड गावच्या वरच्या वाडीतले कदम. खालच्या वाडीतले गोळे, त्यांत धर्माबाबा गोळे काठी टेकत. शाळेतर्फे मुख्याध्यापक, शिपाई आणि मी. पिंडाला बसलेला जावई विलास. बायकांत सरांच्या पत्नी आणि मुलगी सुनंदा, तिच्या मांडीवर मूल. गैरहजर : कोणी नाही.

हे मी तिथेच पर्समधल्या कागदावर टिपलं. शाळेच्या सहली, परीक्षा, बदली तास यांच्या याद्या वर्षानुवर्षं मीच करते, त्यामुळे चार माणसं जमली की हात आपोआप पेन शोधतो. लिहिता लिहिता थांबले. कदमांची डोकी भादरलेली होती आणि गोळ्यांचीही. दोन्हीकडचे जवळजवळ सगळे पुरुष चकोट, उन्हात चमकत होते.

हे बरोबर नव्हतं. भावकीतलं माणूस गेलं की भावकीतले पुरुष दहाव्याला डोकं करतात. सोयरे केसांसकट येतात आणि केसांसकट जातात. कदम आणि गोळे या दोन वेगळ्या भावक्या. एक माणूस एकाच वेळी दोन्हींचा भाऊबंद असू शकत नाही. आमच्या घरात छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून सुतक नाही, सोयर नाही, पण एवढा हिशेब मला पळसकर सरांनी पक्का शिकवला होता. माझी इच्छा नसताना.

सर महाडला आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. मी गणित शिकवायचे आणि वेळापत्रक सांभाळायचे. म्हणजे कोणी रजेवर गेलं की त्याच्या तासाला कोणाला पाठवायचं ते ठरवायचे. इतर शिक्षक आजारी पडत, कोणाचं लग्नकार्य असे, कोणाची एसटी चुके. पळसकर सरांच्या रजेचं कारण मात्र कायम एकच : "गावी सुतक." पळसकोंडात कोणी म्हातारं खोकलं की मी बदली तासांचा कागद काढून ठेवायचे. माणूस गेल्यावर सर लगेच जात, मग दहाव्याला पुन्हा जात, आणि तिसऱ्या दिवशी मुंडण केलेलं डोकं घेऊन वर्गात उभे राहत. थोडे केस उगवतात न उगवतात तोच दुसरीकडचं कोणीतरी जाई. मुलांनी त्यांचं नाव 'चकोट सर' ठेवलं होतं. मी शाळेत लागल्यापासून त्यांचे केस नेमके काळे की पांढरे हे मला सांगता आलं नसतं.

"सर, एवढी माणसं एकाच घरात?" मी एकदा वैतागून विचारलं.

"एका नाही बाई, दोन भावक्यांत. कदमांचं पण धरतो, गोळ्यांचं पण."

"का? तुम्ही नक्की कोणाचे?"

"तेच तर शोधतोय."

त्यानंतर मधली सुट्टी संपेपर्यंत त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. थोडक्यात असं. सरांच्या पणजोबांचं नाव राघो. राघोची आई येसू. येसूचा पहिला नवरा गोळ्यांतला, तो तरणाच गेला. मग तिने वरच्या वाडीतल्या बाळोजी कदमाशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, त्या भागात ते चालायचं. प्रश्न एवढाच की राघो पाटाच्या आधी झाला की नंतर. आधी झाला असेल तर तो गोळ्यांचा, नंतर झाला असेल तर कदमांचा. कदम म्हणत, "तो संगती आलेला, आमचा नाय." गोळे म्हणत, "तो तिकडं झालेला, आमचा नाय." शेवटी राघोने वैतागून गावाचंच आडनाव लावलं. अख्ख्या पळसकोंडात पळसकर नावाचं एकच घर. माझ्या मते तिथेच विषय संपायला हवा होता.

सरांच्या मते तिथे तो सुरू होत होता. "नोंद पाहिजे" हे त्यांचं पालुपद. पावसाळा असो, उन्हाळा असो, शनिवारची शाळा सुटली की खांद्याला पिशवी लावून ते कुठल्या तरी कचेरीत. जुने कागद मोडीत म्हणून चाळिशीत मोडी शिकले. कचेरीतल्या कारकुनांना ते लांबून दिसले तरी चहाची वेळ व्हायची. त्यात सरांना एक खोड होती. अर्जाला आलेलं उत्तर ते लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठवत. एका कारकुनाने मला बाजारात गाठून सांगितलं, "बाई, तुमच्या सरांना आवरा. मी 'दप्तरी आढळ होत नाही' असं लिहिलं तर त्यांनी 'आढळत नाही' असं करून खाली 'पुन्हा लिहा' म्हणून शेरा मारलाय."

एकदा मात्र नोंद सापडली. सर धावतच शिक्षकखोलीत आले, टोपी हातात, घामाघूम. राघोच्या नावापुढे बापाचं नाव लिहायचा रकाना होता, तो भरलेला होता.

"काय लिहिलंय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"मयत," सर म्हणाले आणि मटकन बसले. "बाई, माझ्या पणजोबाच्या बापाचं नाव मयत आहे."

शिपाई हसून हसून खोकायला लागला. येसूचे दोन्ही नवरे तोवर मयतच होते, म्हणजे नोंद खोटीही म्हणता येईना.

वर्गात सर भयंकर कडक. काना, मात्रा, वेलांटी, जे चुकेल त्याला अर्धा गुण वजा. बापाने लिहून दिलेली रजेची चिठ्ठीही तपासायचे. बिरवाडीच्या एका मुलाच्या बापाने लिहिलं, 'मुलाचे पाटात दुखत असल्याने तो आला नाही.' सरांनी खाली लिहिलं, 'पाट लाकडी असतो. तो दुखत नाही. मात्रा द्यावी.' बाप चिठ्ठी घेऊन शाळेत भांडायला आला. "पोरगं हागवणीनं आडवं हाय न् तुमी मात्रा मागताय? औषधाची का?" मला मध्ये पडावं लागलं. सर शांतपणे म्हणाले, "अहो, न लिहिलेली मात्रा आपली आपण लावून वाचायची नसते. उद्या सगळेच आपापल्या सोयीने लावतील."

हे वाक्य नाशिकच्या सहलीनंतर आम्हा सगळ्यांना फार महागात पडलं.

ती सहल मी ठरवली होती. गाड्या, जेवण, मुक्काम, मुलांच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीवर एक शिक्षक, सगळं कागदावर. गोदावरीच्या घाटावर मी मुलं मोजली, ती भरली. शिक्षक मोजले तर एक कमी. पळसकर सरांची तुकडी पाण्यात पाय सोडून शेंगा खात बसलेली, सर गायब. "सर म्हणाले, बाईंना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि गेले," मुलं म्हणाली. कुठे गेले असतील ते मला कळलं. तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या असतात. कोण कधी आलं, संगती कोण होतं, ते यात्रेकरूकडून पिढ्यान्‌पिढ्या लिहून घेतलेलं. एवढ्यासाठीच सहल नाशिकला न्या म्हणून हा माणूस वर्षभर माझ्या मागे लागला होता!

विचारत विचारत एका बोळात गेले. सर जमिनीवर पालथे, डोळ्याला भिंग, समोर उघडी वही. गुरुजी बाजूला सुपारी कातरत बसलेले.

"सर, मुलं घाटावर आहेत!"

"बाई, इकडे या. हे बघा, बाळोजी कदम, मौजे पळसकोंड. संगती राघो. आणि पुढे हा शब्द."

मला मोडी म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या. सरांनी बोट ठेवून सांगितलं. राघोच्या पुढे एकच शब्द होता, त्यात प, काना, ट, चा हे स्पष्ट होतं. पण प च्या डोक्यावर, मात्रा असते नेमक्या त्या जागी, कसरीने भोक पाडलं होतं. मात्रा असेल तर शब्द 'पोटचा', म्हणजे बाळोजी कदमाचा स्वतःचा मुलगा. नसेल तर 'पाटचा', म्हणजे पाटाबरोबर आलेला, गोळ्यांचा.

"पोटचाच असेल," मी म्हणाले. "चला."

"कशावरून?"

"बरं मग पाटचा. पण चला!"

गुरुजी म्हणाले, "यजमान, ही नक्कल आहे. मूळ बाड थोरल्या पातीकडे, आमच्या चुलत्यांकडे गेलं वाटणीत. सापडलं तर कार्ड टाकतो."

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. मुलं गाणी म्हणत होती. मी रागाने बोलत नव्हते. कशेडी घाटाकडे जाणारे ट्रक दिसू लागले, महाड जवळ आलं, तेव्हा तेच बोलले. "तुमचं बरं आहे बाई. तुम्ही एका दिवसात सगळी सुतकं सोडून दिलीत."

"एका दिवसात नाही सर. त्या दिवसाच्या आधी पुष्कळ वर्षं गेली."

त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दहाव्याला नदीवर मी आणि न्हावी. कदम आले, उभे राहिले. गोळे आले, उभे राहिले. डोकं कोणी केलं नाही. न्हाव्याने विचारलं, 'अजून कोन बसनार?' कोणी पुढे आलं नाही. त्याने वस्तरा पुसून ठेवला. तेव्हा ठरवलं, मी दोन्हीकडचं धरणार. यांच्यापैकी कोणाचंच पोर माझ्यामुळे तसं एकटं उभं राहणार नाही."

 पुढच्या सुतकाला बदली तास लावताना मी कमी चिडले. अजिबात चिडले नाही असं नाही.

मग सुनंदाचं स्थळ आलं. सुनंदा सरांची एकुलती एक, बालवाडीत शिकवायची. मुलगा विलास, धर्माबाबा गोळ्यांचा नातू, बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात लागलेला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं हे शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. एका रविवारी धर्माबाबा सरांकडे आले. मी सुनंदाने बोलावलं म्हणून गेले होते. तिला सर काय बोलतील याची खात्री नव्हती. मला होती.

"मास्तर, पोरगी द्या आमाला," धर्माबाबा म्हणाले.

"बाबा, राघो गोळ्यांचा असेल तर ही दोघं भाऊबहीण लागतात."

"पर तो नायच आमचा! आमी कवापास्नं सांगताव."

"नोंद नाही."

"अरं, सारा जन्म आमचा नाय म्हनून आमाला शिव्या दिल्यास, आता आमचा नाय म्हनून पोरगी मागताव तर तुजं नाक वर!" धर्माबाबांची 'मास्तर, तुमी'ची भाषा संपली होती.

"न लिहिलेली मात्रा मी नाही लावणार."

"आप्पा," सुनंदा आतून म्हणाली, "त्या मात्रेशी माझं लग्न लावता का मग?"

मी सरांच्या पत्नीकडे, वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, हसण्यासाठी की रडण्यासाठी ते कळत नव्हतं. हे असं दोन वर्षं चाललं. मी सरांना सरळ सांगितलं, मुलीचं वय वाढतंय, कसर काही खाल्लेलं परत देणार नाही. वहिनींनी बोलणं टाकलं. विलास बिरवाडीहून सायकलने येऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा आणि सरांना बघून सायकलची चेन बसवायला लागायचा. ती चेन कधी पडलेली नसे.

शेवटी सर 'बघू' म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे आमच्यासाठी सुपारीच फुटल्यासारखी. तारीख ठरली. आणि त्याच आठवड्यात धर्माबाबांचे थोरले भाऊ गेले.

मी कपाळावर हात मारला. सरांनी नेहमीसारखं गोळ्यांचं सुतक धरलं, डोकं केलं, तर साऱ्या गावासमोर ते गोळ्यांचे भाऊबंद ठरणार. मग लग्न कसलं? ते रजा मागणार हे धरून मी दहाव्याच्या दिवसाचे त्यांचे सगळे तास दुसऱ्यांना वाटून यादी लावून टाकली.

त्या दिवशी पहिल्या घंटेला सर वर्गात होते. डोक्यावर केस. विंचरलेले, बहुतेक सगळे पांढरे. मुलं बघतच राहिली. मी यादी उतरवली. मधल्या सुट्टीत ते दिसेनात म्हणून मागे गेले, तर शाळेच्या नळाखाली डोकं धरून उभे. सदरा भिजून पाठीला चिकटला होता. सुतकाची अंघोळ.

"सर, कोणी बघेल."

त्यांनी नळ बंद केला. "बाई, आज मी मात्रा लावली."

"मुलीसाठी लावलीत. बरं केलंत."

"चूक कोणासाठी केली ते बघून आपण गुण देतो का?"

मला इतका राग आला की मी माझा टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला आणि निघून आले. तो टॉवेल दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर होता.

लग्न छान झालं. सर हसले, पंगतीत वाढलं, धर्माबाबांना व्याही म्हणून मिठी मारली. त्यानंतर गोळ्यांत कोणी गेलं की ते सोयरे म्हणून जायचे, केसांसकट. काठावर लांब उभे राहायचे. कदमांचं सुतक मात्र चालू होतं, त्यामुळे केस वाढले तरी फार काळ टिकले नाहीत.

सुनंदाचा मुलगा रांगायला लागला त्या सुमारास नाशिकच्या गुरुजींचं कार्ड आलं : मूळ बाड सापडलं, केव्हाही या, पान स्वच्छ आहे. मला वाटलं, सर त्याच रात्री निघतील. नाही निघाले. कार्ड सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचे. दिवाळी गेली, परीक्षा आली. "जाणार कधी?" विचारलं की म्हणायचे, "पेपर तपासून झाले की." ज्यासाठी माझी सहल उधळली ते स्वच्छ पान हाताशी आलं आणि हा माणूस पेपर तपासत होता!

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीला मी पुण्याला निघाले होते. महाडच्या डेपोत सर बाकावर बसलेले. पायाशी पिशवी, पिशवीतून भिंगाची मूठ बाहेर आलेली. समोर नाशिकची गाडी लागलेली, कंडक्टर हाका मारत होता.

"सर, सुटतेय गाडी."

"सुटू दे. गर्दी आहे."

मी पाहिलं. अर्धी गाडी रिकामी होती. ती गेली. धूळ खाली बसली.

"समजा मात्रा आहे," सर म्हणाले, "तर मी चाळीस वर्षं गोळ्यांचं उगाच धरलं. ते चालेल. समजा नाही. तर सुनंदाचं पोर..." त्यांनी वाक्य सोडलं. अपुरं वाक्य लिहिलं तर गुण कापणारा माणूस. मग खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "तुमचे भाऊ असतात ना नाशिकला? जाल तेव्हा बघून या."

"मला मोडी येत नाही."

"मात्रा आहे की नाही एवढं बघायला मोडी कशाला यायला हवी?"

"आणि बघून तुम्हाला काय सांगू?"

त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, पुन्हा घातली. "सध्या यादीत लिहून ठेवा."

मी त्यांच्यासमोर लिहिलं. माझी गाडी लागली. खिडकीतून मागे पाहिलं तर ते बाकावरच होते. नाशिकची गाडी लागायची त्या रिकाम्या जागेकडे बघत, पिशवी मांडीवर घेऊन, अजून प्रवासाला निघायचं असल्यासारखे. सरांचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन. सुट्टीतच गेले, झोपेत. त्यांच्या सुतकासाठी एकही बदली तास लावावा लागला नाही.

तर, नदीकाठ. कावळा लगेच शिवला. सरांच्या बाबतीत झटपट झालेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट. विधी आटोपल्यावर मला राहवेना. मी धर्माबाबांना गाठलं.

"बाबा, तुम्ही व्याही. तुम्ही कसं काय डोकं केलंत?"

त्यांनी चकोट डोक्यावरून हात फिरवला. "मास्तरानं आमची किती सुतकं धरली, बाई? आमच्या बापाचं धरलं, आयशीचं धरलं. आमी त्याचं एक धरू नये?"

"पण मग तुम्ही भाऊबंद झालात. लग्नाचं काय?"

"लगीन झालं. झालेल्या लग्नाला सुतक लागत नाय."

पलीकडून एक कदम ओरडला, "तुमी कशापायी केलं रे? मानूस आमचा!"

"आता तुमचा होय?" धर्माबाबा म्हणाले. "चल, चल. मोठा आला."

न्हाव्यापुढे अजून दोघे रांगेत बसले होते, एक वरच्या वाडीचा, एक खालच्या. आधी कोण, यावरून त्यांची बाचाबाची चालली होती.

त्याला आता काही वर्षं झाली. मी दर जानेवारीत नवी वही करते. जुन्या वहीत जे राहिलं असेल ते नवीत उतरवते. उतरवायला सहसा काही नसतं. नाशिकला दोनदा जाऊन आले. भावाच्या घरापासून तो बोळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गेल्या खेपेला परत आले तेव्हा सुनंदा चहा गाळताना म्हणाली, "बाई, आप्पांचं ते नाशिकचं काम?"

"वेळ झाला नाही," मी म्हणाले.

मला वेळ झाला नाही असं आजवर कधी झालेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारात खेळणाऱ्या मुलाकडे, आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.

या वर्षीच्या वहीतही पहिल्या पानावर उतरवलंय : 'नाशिक. थोरल्या पातीचं बाड. मात्रा बघणे.' पुढे खूण करायची जागा मोकळी आहे.